मोबाईल कुणाचा काढून घ्यायचा?

दिवाळी अंकात असले विषय घेऊ नयेत असे मानणारे पुष्कळ सज्जन वाचक आहेत, आणि त्यांची अडचण मला समजते. फराळाचे ताट पुढ्यात आहे, माहेरवाशिणी आल्या आहेत, मुले गच्चीवर फटाके वाळत घालून राखण करीत बसली आहेत. अशा वेळी अंक उघडायचा तो हास्यचित्रे, राशिभविष्य आणि एखादी बरी कथा वाचण्यासाठी. तरीही मी हाच विषय घेतला आहे. कारण ज्या घरात हा अंक वाचला जातो, त्याच घरात हा विषयही राहतो. माहेरवाशिणीच्या धाकट्या बहिणीच्या मोबाईलमध्ये तो राहतो, आणि कित्येकदा तिच्या भावाच्या मोबाईलमध्येही राहतो. राशिभविष्यात तेवढा तो कुणी छापत नाही.

विषय असा. एखाद्या तरुण मुलीने आपला फोटो टाकला, चार लोकांत भाषण केले, एखादे मत मांडले, किंवा एखाद्या मुलाला नुसते 'नाही' म्हटले, की तिच्यामागे मोबाईलमधून एक टोळके लागते. आधी घाणेरडे शब्द येतात. मग तिच्या नावाचे खोटे अकाउंट निघते. मग तिचा चेहरा आणि दुसऱ्याच कुणा बाईचे उघडे धड असे चित्र तयार होते. शेवटी तिचा नंबर कुठल्या तरी गलिच्छ गटात 'दरा'सकट टाकला जातो, आणि रात्री दोन वाजता परमुलखातले परके पुरुष तिला फोन करू लागतात. हे सगळे करायला फार मोठी अक्कल लागते असे नाही. पूर्वी निदान कात्री आणि डिंक तरी लागे. आता यंत्राला सांगितले की ते दोन मिनिटांत चित्र करून देते.

आणि घर काय करते? घर मुलीचा मोबाईल काढून घेते.

माझे सगळे भांडण या एका वाक्याशी आहे. छळणाऱ्यांना शिव्या द्यायला मला कुणाची परवानगी नको, आणि त्या देऊन फारसे काही साधतही नाही. ते हा अंक वाचत नाहीत. वाचतात ते आईबाप, काका, मामा, मास्तर. ते मुलीवर प्रेम करतात याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण छळणाऱ्याला काय हवे असते? ती मुलगी तिथून नाहीशी व्हावी, एवढेच त्याला हवे असते. आईबाप प्रेमापोटी तेच घडवून आणतात. त्याने सुरू केलेले काम ते पुरे करतात, आणि वर त्याला 'काळजी घेणे' म्हणतात.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे फारसे गेले नाही. पुढे चित्रकलेची परीक्षा दिली आणि फावल्या वेळात दोनतीन कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच काय ती माझी योग्यता. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी आज एकोणीस वर्षांची आहे. मोठी बोलकी पोर. कॉलेजात गेल्यावर तिने एका तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण केले. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते आणि मुलांचे मात्र रात्रभर उघडे असते, ते का, असा साधा प्रश्न तिने विचारला. कुणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, आणि वर सांगितली ती सारी परंपरा पंधरा दिवसांत यथासांग पार पडली.

तिचे वडील दुकानदार, सालस माणूस. त्यांनी एका रात्रीत 'घाण साफ केली'. म्हणजे काय, तर मुलीच्या मोबाईलमधले सगळे निरोप, सगळे फोटो स्वतःच्या हाताने पुसून टाकले, सिमकार्ड मोडले आणि मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला. चोर पळून गेल्यावर घरमालकानेच पावलांचे ठसे सारवून टाकावेत, तसली ही स्वच्छता. आता ती चित्रे एका तिच्या मोबाईलमध्ये तेवढी नव्हती. बाकी गावभर होती. चार दिवसांनी तिची आई माझ्याकडे आली. मला वाटले तक्रार कशी करायची ते विचारायला आली असेल. ती म्हणाली, "बाई, तुमच्या ओळखीत एखादं स्थळ आहे का? जरा लांबचं असलं तरी चालेल."

लांबचे! जणू त्या पोरीने चोरी केली होती आणि तिला मुलूख सोडायचा होता.

नशिबाने तिच्या एका मैत्रिणीने सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, तारीखवारासकट. (ही मैत्रीण गणितात दोनदा नापास झालेली. शाळेच्या निकालपत्रावर माझा फारसा विश्वास नाही तो असल्या कारणांनी.) ते घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मुलीच्या जातीने व्हिडिओ टाकायचाच कशाला? व्हिडिओ तिने टाकलेलाच नव्हता, हे सांगून झाल्यावर दुसरा प्रश्न, मग भाषण करायचेच कशाला? नंतर कळले की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि निरीक्षकसाहेब बंदोबस्तावर आहेत. तिसऱ्या खेपेला गुन्हा नोंदला गेला. महिन्याभराने निघाला कोण? तिच्याच वर्गातला, पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. त्याचे वडील गावातले वजनदार गृहस्थ. पेढ्यांचा पुडा घेऊन ते मुलीच्या घरी गेले आणि म्हणाले, "पोराचं वय आहे, चुकलं. पण तुम्ही विचार करा, नाव तुमच्याच मुलीचं खराब होणार."

हे 'नाव खराब होणे' म्हणजे काय असते, हे मला एकदा कुणीतरी नीट समजावून सांगावे. दुकान फोडले गेले तर दुकानदाराचे नाव खराब होत नाही. खिसा कापला गेला तर खिसेकापूचे नाव खराब होते. पण मुलीची विटंबना झाली की जिची झाली तिचे नाव जाते आणि ज्याने केली त्याचे 'वय' असते. आमच्या कायद्याच्या भाषेतही हेच भूत बसलेले आहे. आपण सरसकट 'विनयभंग' म्हणतो. तो शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की त्यात काही वावगे आहे हे जाणवतसुद्धा नाही. भंग झाला तो कुणाच्या विनयाचा? विनय सोडला त्याने, आणि भंगला म्हणे हिचा! इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता लिहिताना हा विचार घालून ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली तरी तो तिथेच आहे.

पण कायद्याला नुसती नावे ठेवून मला मोकळे व्हायचे नाही, कारण त्यात मुलींच्या उपयोगाचेही पुष्कळ आहे आणि ते घरोघर माहीत नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर प्रकारानंतर न्यायमूर्ती वर्मा यांची समिती बसली आणि २०१३ साली कायदा बदलला. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधणे, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे, हा तेव्हापासून पाठलागाचा गुन्हा आहे. नव्या संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. त्याच्या आधीचे ७७ वे कलम तर प्रत्येक आईने वाचावे असे आहे. एखाद्या बाईने खासगी फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो दुसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तो दाखवणे हा गुन्हा आहे, असे त्याच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. म्हणजे "तूच त्याला फोटो पाठवलास ना, मग भोग आता," हे जे आपण घरात म्हणतो, ते कायदा म्हणत नाही. हे मी मॅट्रिकच्या बुद्धीने वाचले आणि मला समजले. ठाण्यातल्या गृहस्थांना समजायलाही हरकत नव्हती.

कायद्यात खोट आहे ती वेगळीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ वे कलम विचारते, चित्र अश्लील आहे की नाही? ते मुलीच्या मर्जीने पसरले की मर्जीविरुद्ध, हे तिथे गौण. मग ज्या मुलीने विश्वासाने एखाद्याला फोटो पाठवला, तिला भीती वाटते की तक्रार केली तर मलाच अश्लीलतेच्या खोड्यात घालतील. ही भीती घालणारे वकीलही आहेत. प्रश्न अश्लीलतेचा नाही, संमतीचा आहे, हे आमच्या विधिमंडळांना आणि न्यायालयांना अजून पुरते पचलेले नाही. आमच्या घरांना तर त्याचा वासही लागलेला नाही.

पोलिसांना हे जमत नाही म्हणावे, तर तसेही नाही. २००४ साली, म्हणजे मोबाईलमध्ये इंटरनेट सर्रास यायच्याही आधी, चेन्नईत एका बाईचा नंबर आणि घाणेरडा मजकूर असाच एका याहू गटात टाकला गेला होता. तिने फेब्रुवारीत तक्रार केली आणि नोव्हेंबरात आरोपीला शिक्षा झाली. हे वीस वर्षांपूर्वी, सायबर कॅफेच्या जमान्यात! आणि चपळाईच पाहायची असेल तर आपल्या पालघरची पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका मुलीने मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दिली; दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. ज्या ६६-अ कलमाखाली हे झाले ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे चांगलेच झाले. पण मुलीने लिहिले की एका रात्रीत हलणारी यंत्रणा, मुलीविषयी लिहिले गेले की निरीक्षकाच्या बंदोबस्तात अडकते, हा चमत्कार मला कुणी उलगडून दाखवलेला नाही.

ढिलाईचे फळ काय मिळते तेही दिसले आहे. जुलै २०२१ मध्ये ऐंशीहून अधिक मुसलमान स्त्रियांचे फोटो एका ॲपवर 'लिलावा'ला मांडले गेले. सहा महिने एकही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ ला, नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणूनच की काय, तसलेच दुसरे ॲप निघाले, या वेळी शंभरावर स्त्रियांचे. मुंबई पोलिसांनी मनावर घेतले तेव्हा चार दिवसांच्या आत पहिली अटक झाली. पकडला गेलेला एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, आणि पाठोपाठ एक अठरा वर्षांची मुलगीसुद्धा. गावगुंड म्हणून ज्यांचे चित्र आपण मनाशी काढतो, त्यांतले हे नव्हेत. क्लासला फी भरून पाठवलेली, परीक्षेच्या दिवशी दहीसाखर हातावर घेऊन निघालेली ही मुले आहेत. बायका बाजारात मांडायची ही हौस त्यांना कुठे लागली असेल? मोबाईलने लावली, असे म्हणणे सोपे आहे. मी म्हणते, मोबाईलने जागा दिली. वाण घरचेच होते.

कुणी म्हणेल, मुलींनी फोटो टाकूच नयेत. हा उपाय सांगणाऱ्या मंडळींनी आपल्याच घरचे लग्नाचे अल्बम, स्नेहसंमेलनाचे फोटो, दहावीच्या गुणवंतांचे फलक एकदा आठवावेत. चौकाचौकांत मुलीचा हसरा चेहरा आणि खाली आमदारांचा नमस्कार. चेहरा तिथूनही कापता येतो. जून २०१६ मध्ये तामिळनाडूत एका एकवीस वर्षांच्या मुलीचा असाच चेहरा कापून लावलेला फोटो फेसबुकवर आला. बापाने तक्रार केली, पोलिसांनी दिवस घालवले, आणि मुलीने जीव दिला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत तिने लिहिले होते की, स्वतःच्या आईबापांचाच माझ्यावर विश्वास नसेल तर जगून काय करू. वाचकहो, गुन्हेगाराच्या फोटोने जेवढे केले नव्हते तेवढे घरातल्या संशयाने केले, असे मी म्हटले तर ते फार कठोर होईल काय? मला तसे वाटत नाही.

मोबाईल काढून घेण्याचे हे शास्त्र काही गावांनी तर ठरावच करून पाळले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातील सुरज गावाने अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली आणि मोडणाऱ्यास २१०० रुपये दंड ठेवला. मुलांना बंदी नव्हती. आपण हसतो. पण आपल्याकडे ठराव नसतो एवढेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरांतल्या सत्तावन्न पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलेले आढळले; बायकांत तेहतीस. ही तफावत कुठल्या ठरावाने झाली? आज अर्ज मोबाईलवर, निकाल मोबाईलवर, बँक मोबाईलवर, नोकरीची मुलाखत मोबाईलवर. मुलीचा मोबाईल काढून घेणे म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिच्या हातातली पाटी काढून घेणे होय. तेव्हाही काढून घेणारे काळजीपोटीच घेत होते.

सावित्रीबाईंवर शेण आणि दगड पडले, त्या दुसरे लुगडे घेऊन शाळेत जात, हे आपण दर जयंतीला डोळे पुसत ऐकतो. ताराबाई शिंदे यांची गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. ते निमित्त करून त्या काळची पत्रे समस्त स्त्रीजातीला झोडपू लागली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्यांना सणसणीत उत्तर दिले. जोतीरावांनी तिची पाठराखण केली, पण सुधारकांतल्या पुरुषांनीही नाके मुरडली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हे पुस्तकही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत विस्मरणात गेले होते. एक लिहिती बाई गप्प झाली म्हणजे किती नुकसान होते याची मोजदाद कुठे करायची? माझी ती बोलकी विद्यार्थिनी वर्षभर कुठल्याही व्यासपीठावर चढली नाही. तेही कुठल्या वहीत मांडायचे?

पैशाचा हिशेब मात्र आपण चोख मांडतो. २०२२ सालात देशात ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले. त्यांतले शंभरी पासष्टच्या आसपास फसवणुकीच्या हेतूने झालेले, आणि लैंगिक शोषणाचे शंभरी पाचांच्या घरात. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बायकांचा प्रश्न किती लहान! मी म्हणेन, खात्यातले दहा हजार गेले की माणूस १९३० हा क्रमांक फिरवतो आणि चारचौघांत चोराला शिव्या देतो. मुलीवर आले की तो दार लावून घेतो. आकडा गुन्ह्यांचा नाही, उघडलेल्या दारांचा आहे.

म्हणून दार उघडा. काही पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, तारीख, वेळ, अकाउंटचे नाव आणि दुवा दिसेल असे. छापील प्रत काढून ठेवा. सरकारचे सायबर गुन्ह्यांचे तक्रार संकेतस्थळ २०१९ पासून आहे. ठाण्यात पाय टाकायची लाज वाटत असेल तर तिथून सुरुवात करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. मोबाईलवरून दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, एवढेच. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि तिथे लैंगिक गुन्हा कळूनही खबर न देणे हाच गुन्हा आहे. शाळेच्या नावासाठी प्रकरण 'आतल्या आत मिटवणाऱ्या' माझ्या व्यवसायबंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शाळेचे नाव राखता राखता स्वतःचे आरोपपत्रात यायचे.

आणि ज्या घरात मुलगे आहेत तिथे? वर्गाच्या गटात असे एखादे चित्र येते तेव्हा ते पाहणारी साठसत्तर मुले असतात. करणारा एक. हसणारे पाचदहा. उरलेले गप्प बसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना घरी बहीण असते. परवा भाऊबीजेला त्याला पाटावर बसवाल, तेव्हा मोबाईल खिशातून काढून बाजूला ठेवायला सांगालच. तेवढ्यात विचारा, तुझ्या गटात असे काही आले होते का, आणि तू काय केलेस? पोरगा गडबडेल, चिडेल. चिडू द्या. मुलीच्या मोबाईलची झडती घेताना ती चिडते तेव्हा आपण कुठे थांबतो!

एक आक्षेप उरतो, आणि तो मोठ्या शहाणपणाच्या सुरात घेतला जातो, की हल्ली मुली खोट्या तक्रारीही करतात. करीत असतील. खोटी तक्रार करणारे शेजारी असतात, भाऊबंद असतात, भाडेकरू असतात. त्यांच्यामुळे दिवाणी न्यायालये कुणी बंद केली नाहीत. उलट इथे तर खरेखोटे करण्याची सोय इतर कुठल्याही गुन्ह्यापेक्षा अधिक आहे. कुठल्या नंबरावरून अकाउंट निघाले, कुठल्या यंत्रावरून, किती वाजता, याच्या नोंदी राहतात. तपास नीट झाला तर खोटी तक्रार उघडी पडेल आणि खरीही शाबीत होईल. तेव्हा तपास होऊ द्या. पण तपासाच्या आधीच मुलीचा मोबाईल कपाटात का जातो आणि मुलाचा त्याच्या खिशातच का राहतो, याचे उत्तर या आक्षेपात कुठे आहे, ते पेढ्यांचा पुडा घेऊन येणाऱ्या गृहस्थांनी मला अजून सांगितलेले नाही.